सीलला ऐकू किती येतं, हे त्याला विचारायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईची ऑडिओमेट्री चालू असताना तुम्ही काचेबाहेर बसला होतात. कानात सूं वाजलं की तिनं बटण दाबायचं, एवढंच काम. तेव्हा मनात आलं, सील आणि समुद्रसिंह यांच्या श्रवणाचे आलेख छापलेले दिसतात, ते काढतात कसे? ‘आवाज आला की बटण दाबा’ हे त्यांना कोण समजावतं? शिवाय हार्बर सील या जातीच्या सीलला एका ठिकाणी ५४ डेसिबलपासून ऐकू येतं असं लिहिलेलं सापडलं, दुसरीकडे शून्य डेसिबलपासून. यातलं खरं कुठलं? आणि जाता जाता, घरच्या कुत्र्यावर हे करून बघता येईल का?

मी मुंबईत ऑडिओलॉजी शिकले, काही वर्षं माणसांचे कान तपासले आणि गेली चौदा वर्षं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सील-समुद्रसिंहांचे तपासते. दोन्ही कामांत लोकांना वाटतो तेवढा फरक नाही. उलट माणसांच्या कामात ज्या गोष्टी मी डोळे झाकून करायचे, त्या का करायच्या हे मला प्राण्यांनी शिकवलं.

कान मोजतात कसा, असं तुम्ही विचारलंत. पण कान आपल्याला मोजता येतच नाही, मोजता येतं ते उत्तर. आईनं बटण दाबलं तेव्हा ती ‘ऐकू आलं’ असं सांगत नव्हती, ‘आलंसं वाटतंय, दाबते’ असं सांगत होती. काही पेशंट पक्की खात्री झाल्याशिवाय बोट हलवत नाहीत, आणि काही जण नुसत्या शंकेवर टकाटक दाबत सुटतात. कान सारखेच असले तरी या दोघांचे आलेख वेगळे येतात. माणसाला निदान समजावून सांगता येतं. सीलच्या बाबतीत समजावण्याचं काम माशांवर सोपवावं लागतं.

आमच्याकडे एक समुद्रसिंहीण आहे. तिचं कागदावरचं नाव वेगळं, मी मनातल्या मनात तिला काकू म्हणते. मासा जरा बारीक निघाला की ती ज्या नजरेनं बघते, ती नजर मी लहानपणी मासळीबाजारात पाहिलेली आहे. सकाळी काकू टाकीत उतरते, पाण्याखाली पाइपांची एक चौकट बसवलेली असते तिथं जाते आणि ठरलेल्या कप्प्यात हनुवटी टेकवते. ही हनुवटी टेकवणं म्हणजे अर्धी परीक्षा. डोकं रोज त्याच जागी असलं तरच त्या जागी आवाज किती पोचतो हे मला सांगता येतं. मग समोर एक छोटा दिवा लागतो. तो चार सेकंद राहतो. तेवढ्या वेळात आवाज ऐकू आला तर तिनं डावीकडची गोल चकती नाकानं ढकलायची. नाही आला तर दिवा विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. दोन्ही उत्तरांना, बरोबर असेल तर, हेरिंगचा सारखाच तुकडा. चुकलं तर काहीच मिळत नाही, शिक्षाही नाही. पुढच्या फेरीला सुरुवात.

हे शिकवायला काही महिने जातात. सुरुवातीला आवाज इतका मोठा ठेवतो की शंकेला जागाच नको. ‘ढकल’ हे प्राणी आठवड्याभरात शिकतो. ‘ऐकू आलं नाही तर थांब, थांबण्याचाही मासा मिळतो’ हे शिकायला वेळ लागतो. काहीच न करता कमाई होते यावर समुद्रसिंहाचा चटकन विश्वास बसत नाही.

मग आवाज उतरवायला लागायचं. माणसांच्या ऑडिओमेट्रीत आम्ही ‘दहा खाली, पाच वर’ करतो: ऐकू आलं की दहा डेसिबल कमी, नाही आलं की पाच वाढव. इथंही तीच जिन्याची पद्धत, फक्त पायऱ्या लहान. मी ‘चार खाली, दोन वर’ वापरते. प्राणी ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये हेलकावे खायला लागला की ती पट्टी धरायची. जिथं साधारण निम्म्या वेळा ‘हो’ येतं, तो त्या वारंवारतेचा उंबरठा. एका बैठकीत एकच वारंवारता, आणि वेगवेगळ्या दिवशी आलेले उंबरठे एकमेकांशी जुळेपर्यंत ती सोडायची नाही. असं करत पूर्ण आलेख व्हायला एका प्राण्यामागे वर्ष सहज जातं.

आता रिकाम्या फेऱ्या. दिवा लागतो, चार सेकंद जातात, पण आवाज वाजवलेलाच नसतो. काकूनं तरी चकती ढकलली तर तो खोटा होकार. मी तीसेक टक्के फेऱ्या अशा ठेवते. खोटे होकार जास्त झाले तर तो दिवस रद्द, हे कुणालाही पटेल. पण एकही खोटा होकार आला नाही तरी मी खूश होत नाही, हे नव्या मुलांना पटायला वेळ लागतो. एकदाही न चुकणारा प्राणी बहुधा त्या खात्रीशिवाय बोट न हलवणाऱ्या पेशंटसारखा असतो. त्याला बारीक आवाज येत असतो, पण तो पैज लावत नाही. मग उंबरठा खोटा वर चढतो.

रोनाल्ड शुस्टरमन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये नेमकं याच मुद्द्यावर काम प्रसिद्ध केलं. एक समुद्रसिंह, एक बॉटलनोज डॉल्फिन. बरोबर ‘हो’ला किती मासे आणि बरोबर ‘नाही’ला किती, हे प्रमाण बदललं की प्राण्याची ‘हो’ म्हणण्याची तयारीच बदलते, असं त्यात दिसलं. कान तेच, भाव बदलला. म्हणून प्राण्यांचा आलेख हातात आला की मी आधी खोट्या होकारांचं प्रमाण शोधते. ते दिलेलंच नसेल तर आलेखाकडे जरा तिरक्या नजरेनंच बघते.

मासे देणाऱ्या माणसाचीही काळजी घ्यावी लागते. बर्लिनचा हान्स घोडा ऐकला असेल, खुरानं टापा मारून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टनं दाखवलं की तो गणित करत नव्हता, विचारणाऱ्याच्या चेहऱ्या-मानेच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. समुद्रसिंह यात घोड्याच्या वरताण. बादलीवरचा हात नुसता आवळला तरी त्यांना कळतं. म्हणून आमच्याकडे मासे देणारी व्यक्ती आडोशामागे, कानात मोठं संगीत लावून बसते. ही फेरी आवाजाची की रिकामी, हे तिला माहीतच नसतं. उत्तर बरोबर आलं की मी इशारा देते, मगच मासा जातो.

इथपर्यंत प्राण्याची बाजू झाली. माझा जास्त वेळ मात्र आवाजाच्या बाजूवर जातो, आणि तुमच्या ५४ आणि शून्याचं उत्तरही तिथंच आहे.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे १०० हर्ट्झची एक लाट १५ मीटर लांब. आमची टाकी त्याच्या निम्मीही नाही. अशा टाकीत आवाज भिंती, तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यावर आपटून स्वतःतच मिसळतो. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, वीतभर सरकवला की आकडा सहा-सात डेसिबलनं बदललेला मी कित्येकदा पाहिलाय. त्यामुळे बैठकीआधी काकूच्या डोक्याच्या जागी हायड्रोफोन धरायचा, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे मोजायचं, आणि फरक तीन डेसिबलच्या आत येईपर्यंत स्पीकरची जागा बदलत राहायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

एक किस्सा सांगते. एका उन्हाळ्यात काकूचा २०० हर्ट्झचा उंबरठा सकाळी दहा-बारा डेसिबलनं वाईट यायचा आणि दुपारी सुधारायचा. आठवडाभर मी काकूलाच दोष दिला. सकाळी पोट भरलेलं असतं, लक्ष नसतं, वय झालं. तिचं वजन तपासलं, मासे कमी-जास्त केले, एकदा तर आयाळीसारखे केस गळायचे दिवस आहेत का तेही बघितलं, जे मादीच्या बाबतीत विचारणंच हास्यास्पद होतं. शेवटी एका सकाळी नुसता हायड्रोफोन टाकीत सोडून आलेख काढला. १२०, १८० आणि २४० हर्ट्झवर तीन सुया उभ्या. इथली वीज ६० हर्ट्झची, तिच्या पटीतली ही घरघर. शेजारच्या टाकीचा गाळणीचा पंप कुणीतरी टायमरवर सकाळी सात ते अकरा लावून ठेवला होता. माणसाला तो पंप काठावर उभं राहूनही जाणवत नव्हता. काकूला १८०च्या घरघरीतून २०० हर्ट्झचा आवाज वेगळा काढावा लागत होता आणि ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणत होती. मी त्या आठवड्याची पानं लाल शाईनं काट मारून फाइलमध्येच ठेवली आहेत.

यालाच आवाज झाकणं म्हणतात. जुन्या-नव्या आकड्यांतला बराच फरक यातून येतो. डेन्मार्कच्या बर्टेल म्योल यांनी १९६८ मध्ये हार्बर सीलचा हवेतला आणि पाण्यातला असा दोन्ही आलेख दिला, आणि ते त्या काळातलं फार मोठं काम होतं. पण पुढे नेदरलँड्समध्ये रॉन कास्टेलाइन यांनी मुद्दाम शांत बांधलेल्या टाकीत मोजलं, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला (मुंबईचं नव्हे) विद्यापीठाच्या लाँग मरीन लॅबमध्ये प्रतिध्वनी शोषणारी खोली उभी राहिली, आणि उंबरठे खाली आले. मधल्या काळात सीलचे कान काही सुधारले नव्हते. विशेषतः हवेतल्या श्रवणाबद्दल ‘पाण्यातला प्राणी, हवेत बेताचंच ऐकू येत असणार’ असा समज होता. कॉलीन रायकमथ यांच्या गटानं त्या खोलीत मोजून दाखवलं की हार्बर सीलला हवेतही माणसाच्या तोडीचं ऐकू येतं. आधी मोजला जात होता तो बऱ्याच अंशी अवतीभवतीचा वारा आणि लाटा.

आता तुमचे दोन आकडे. दोन्ही खरे आहेत, पण मापं वेगळी आहेत: ५४ पाण्यातला, शून्य हवेतला. डेसिबल म्हणजे नुसतं गुणोत्तर, कशाच्या तुलनेत ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. हवेत तुलना २० मायक्रोपास्कल दाबाशी करतात, पाण्यात १ मायक्रोपास्कलशी. एवढ्यानंच २६ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे पाण्यातले ५४ हवेच्या मापात २८ झाले. तुम्ही म्हणाल, मग हवेतच चांगलं ऐकू येतं, शून्य विरुद्ध २८. दाबाच्या हिशेबानं हो. पण पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट माध्यम आहे. तेवढ्याच दाबाच्या लाटेतून पाण्यात वाहणारी ऊर्जा हवेतल्यापेक्षा सुमारे ३५०० पटींनी कमी असते, म्हणजे आणखी ३५-३६ डेसिबल. ऊर्जेच्या हिशेबानं ते ५४ हवेतल्या उणे सात-आठच्या जवळ येतात, आणि पाण्यातलं श्रवण थोडं सरस ठरतं. कान दाबाला दाद देतो की ऊर्जेला, यावर या विषयातली माणसं अजून वाद घालतात. मी स्वतः पाण्यात आणि हवेत अशी थेट तुलना करायचीच टाळते. ‘जहाजाचा आवाज १८० डेसिबल, म्हणजे जेट विमानाहून भयंकर’ अशी वाक्यं दिसली की मात्र २६ आणि ३६ वजा करून बघा, बहुतेक बातम्यांतली हवा निघते.

हे सगळं शिकवलेल्या, पाळलेल्या प्राण्याचं. किनाऱ्यावर आजारी सापडलेल्या सीलचं काय? त्याला वर्षभर चकती ढकलायला शिकवणार कोण? तिथं उपयोगी पडते आपल्याकडच्या आईबापांना ठाऊक असलेली बेरा टेस्ट. तान्ह्या बाळाला झोपवून डोक्याला इलेक्ट्रोड लावतात, कानात टिकटिक वाजवतात आणि मेंदूच्या देठातून उठणारी लहर पकडतात, तीच. सीलला भूल किंवा गुंगी देऊन बारीक सुयांसारखे इलेक्ट्रोड त्वचेखाली बसवतात. लहर मायक्रोव्होल्टच्या आतबाहेरची, त्यामुळे शेकडो-हजारो वेळा आवाज वाजवून सरासरी काढावी लागते. स्नायू जरा थरथरला की सगळं त्यात बुडतं, म्हणून तर गुंगी. यातून दोन-चार तासांत अंदाज मिळतो, पण उंबरठे चकतीच्या पद्धतीपेक्षा बरेचदा दहा-वीस डेसिबल वर येतात, आणि एक किलोहर्ट्झच्या खाली या पद्धतीवर माझा फारसा भरवसा नाही. प्राणी बहिरा आहे का, परत समुद्रात सोडता येईल का, हे ठरवायला उत्तम. त्या जातीला ऐकू किती येतं, हे ठरवायला दुय्यम.

आणि जातीबद्दल बोलताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. यातले बरेच आलेख एका किंवा दोन प्राण्यांचे आहेत. आमच्या आळीतल्या एका आजोबांची ऑडिओमेट्री करून ‘महाराष्ट्राला इतकं ऐकू येतं’ असं छापल्यासारखं ते आहे. आजोबा कापडगिरणीत होते की शाळेत, यावर सगळं अवलंबून. सांताक्रूझच्याच एका हार्बर सीलचं उदाहरण देते. आवाजानं तात्पुरतं किती बहिरेपण येतं हे मोजताना त्याला ४.१ किलोहर्ट्झचा मोठा आवाज ऐकवला गेला. अशा प्रयोगांत श्रवण थोड्या वेळात पूर्ववत येतं. त्याचं आलं नाही. नुकसानही ४.१ला नाही, त्याच्या अर्धा सप्तक वर, ५.८ किलोहर्ट्झला. दहाहून जास्त वर्षांनंतरही तिथं ८ डेसिबलचा खड्डा शिल्लक होता, आणि २०१९ मध्ये ते सगळं प्रसिद्ध झालं. गिरणीकामगारांच्या ऑडिओग्राममध्ये चार किलोहर्ट्झजवळ जो खड्डा दिसतो, त्याचीच ही भावंडं. प्रयोग करणाऱ्यांच्या दृष्टीनं तो अपघात होता, आणि त्यांनी तो लपवून न ठेवता त्या प्राण्याचं मोजमाप वर्षानुवर्षं चालू ठेवलं याचं मला कौतुक वाटतं.

इतका खटाटोप कशासाठी, असं मला घरचेही विचारतात. समुद्रात खांब ठोकणं, सोनार, तेलाच्या शोधासाठी पाण्यात केलेले दाबलेल्या हवेचे स्फोट यांना परवानगी देताना या आकड्यांचा आधार घेतात. अमेरिकी सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत कान न दिसणाऱ्या खऱ्या सीलांसाठी पाण्यातला पल्ला ५० हर्ट्झ ते ८६ किलोहर्ट्झ धरला होता, आणि समुद्रसिंहांसाठी, ज्यांना बाहेरून इवलासा कान दिसतो, ६० हर्ट्झ ते ३९ किलोहर्ट्झ. म्हणजे ज्यांचे कान दिसतात त्यांचा पल्ला कमी. खऱ्या सीलच्या मधल्या कानात आणि कानाच्या नळीत रक्तानं फुगणारं अस्तर असतं, बुडी मारताना ते हवेची पोकळी भरून काढतं आणि पाण्यातला आवाज आत पोचायला मदत करतं, असं मानतात. बाहेरच्या पाळीचा पाण्यात तसा उपयोग नाही.

तेव्हा पुन्हा असा आलेख दिसला तर एवढंच बघा: हवेतला की पाण्यातला, तुलना कोणत्या दाबाशी, टाकी किती शांत होती, प्राणी किती आणि केवढ्या वयाचे, उत्तर नाकानं दिलं की इलेक्ट्रोडनं, आणि खोटे होकार किती.

कुत्र्याचं म्हणाल तर खुशाल करा. सील आपल्या किनाऱ्यावर नाहीत, कुत्रे आहेत. फोनच्या स्पीकरवर विसंबून त्याला ‘किती’ ऐकू येतं याचा आकडा काढू नका, फोन वरच्या वारंवारतांना वाटेल तसा वागतो. पण ‘हो-नाही’ शिकवण्याची मजा पूर्ण घेता येते. चटईवर बसून राहणं म्हणजे ‘नाही’, उठून डब्याला नाक लावणं म्हणजे ‘हो’. आवाज वाजवायचा की नाही हे बंद दाराआड बसलेल्या भावानं नाणं उडवून ठरवायचं, आणि बिस्किटं ज्याच्या हातात आहेत त्यानं कानात गाणी लावून छताकडे बघत बसायचं. शिकवून झालं असं वाटलं की एक दिवस आवाज अजिबात लावू नका. भावाला तसं गुपचूप सांगून ठेवा, बिस्किटवाल्याला नको. वीस फेऱ्या रिकाम्या घ्या, आणि कुत्रा किती वेळा उठून डब्यापाशी गेला ते इथं कळवा. आमच्या काकूचा पहिल्या वेळचा आकडा होता वीसपैकी अकरा.